राखणदाराशी वाटाघाटी

माझ्या सासूबाईंना माझी नोकरी शेवटपर्यंत कुणाला धड सांगता आली नाही. "सून काय करता?" असं कुणी विचारलं की त्या मान वर करून म्हणायच्या, "ती दारूच्या खात्यात आसा." झालं! लोकांना वाटायचं मी एक्साइजमध्ये. गोव्याहून येताना कुणाची बाटली नाक्यावर धरली गेली की त्याचा भाऊबंद कापा फणस खांद्यावर घेऊन आमच्या पडवीत हजर. मी सांगायची, "अहो, मी बाटल्या सोडवत नाही. बाटलीपासून माणसं सोडवते." यावर तो गृहस्थ माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा आणि फणस उचलून चालू लागायचा. इतकी वर्षं नोकरी केली, पण एक फणस काही माझ्या घरात राहिला नाही.

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते. महामार्गालगत एका जुन्या भातगिरणीच्या इमारतीत आमचं केंद्र होतं. नवऱ्याला घेऊन येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाईनू, ती आमटीत घालूची पावडर खंय गावता?" अशी पावडर नसते हो! आणि कुणी जाहिरात करून विकत असेल तर आधी त्याच्याच आमटीत घाला आणि काय होतं ते बघा. माणसाच्या नकळत त्याला काहीबाही चारणं हा जिवाशी खेळ आहे, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

आमचं काम दोन भागांत चालायचं. खूप पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की त्याचे हात कापतात, कुणाला फिट येते, कुणाला भिंतीवरून विंचू चाललेले दिसतात. म्हणून तो भाग डॉक्टरांचा. ते माणूस सुका करून माझ्या ताब्यात द्यायचे. पण सुका माणूस नुसता घरी पाठवला तर आठवड्यात ओला होऊन परत येतो. तो सुका राहावा म्हणून त्याच्यासमोर बसून बारीकसारीक गोष्टी ठरवायच्या, हा माझा भाग. सरकारी कागदावर याला 'ध्येयनिश्चिती' म्हणतात. हा शब्द मी कुणासमोर उच्चारत नसे, कारण ध्येय म्हटलं की आमचा मालवणी माणूस छाती फुगवतो आणि भाषण ठोकतो. मी त्याला 'ठरवाठरवी' म्हणायची.

एक निवृत्त हेडमास्तर आले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी मोह, मद आणि मत्सर यांवर विजय मिळवीन." मी म्हटलं, "गुरुजी, बाजारातून घरी येताना कुठल्या बाजूने येता?" ते म्हणाले, "तशी वाट बारवरूनच आहे." "मग मत्सराचं राहू दे. बाजारात तुमच्याबरोबर कोण येणार, ते सांगा." गुरुजी भयंकर रागावले. पण सुनेला घेऊन जायला लागले. सून त्यांना साड्यांच्या प्रत्येक दुकानात बसवून ठेवायची. पुढच्या भेटीत म्हणाले, "बाई, दारू परवडली." पण सुटली हो त्यांची.

एक रिक्षावाला होता. त्याच्याशी ठरलं की तिठ्यावरच्या बारसमोरून रिक्षा न्यायचीच नाही. गड्याने ते इतकं मनावर घेतलं की एका वधूपित्याला तीन गावांचा वळसा घालून नेलं. लग्नाच्या मांडवात बापाशिवाय अक्षता पडल्या. तो बाप मला शिव्या द्यायला केंद्रावर आला, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. एकाची दारू सोडवताना दुसऱ्याचा मुहूर्तही बघावा लागतो, हे मी तेव्हापासून ध्यानात ठेवलं.

पण आज सांगायचंय ते बाबलचं. नाव बदललंय. गावाचं नाव तर सांगतच नाही, कारण मासळीला मी अजून तिथेच जाते.

बाबल तांडेल होता. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हातात. जाळं कुठे टाकायचं आणि मागे कधी फिरायचं, तेही त्याच्या शब्दावर. बोट त्याची आणि धाकट्या भावाची, रमाकांतची. माणूस समुद्रावरचा वाघ, पण जमिनीवर पाय लागला की बर्फाच्या कारखान्यामागची दारूची बैठक त्याला ओढून न्यायची. पुढे पुढे ती बैठक बोटीवरही जायला लागली. मग एके दिवशी भर दुपारी, सगळा गाव किनाऱ्यावर उभा असताना, बाबलने बोट खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर चढवली. तो पट्टा गावातल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक आहे. बोट तिरकी होऊन रुतली आणि बाबल मोठ्या ऐटीत पाण्यात दोर फेकून म्हणाला, "जेटी इली, उतरा रे!" खलाशी उतरले ते कमरेएवढ्या पाण्यात.

गाव हसलं. रमाकांत नाही हसला. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, बोटी किनाऱ्यावर झाकून ठेवतात. त्याने भावाला मुदत दिली ती तेवढीच. "नारळी पुनवेक बोट उतारतली. तोपर्यंत दादा सुको रवलो तर सुकाणू तेचा. नायतर आरोंद्याचो तांडेल आणतंय. मगे दादान परत बोटीर पाय ठेवचो नाय, कायमचो."

बाबलला दुसरं काहीच येत नव्हतं. बोट गेली असती तर तो माणूस उभ्याउभ्या संपला असता. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, शेवंतीला ठाऊक होतं आणि पहिल्या भेटीनंतर मलाही कळलं. डॉक्टरांकडचे दिवस संपवून तो माझ्यासमोर येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा अगदी निष्पाप होता.

"बाईनू, दारू सोडलंय."

"कधी सोडलीस?"

"आत्ताच. तुमका बगून."

शेवंती मागून फणकारली, "शिरा पडो तुझ्या तोंडार! बाईंका तरी सोड."

मी विचारलं, "किती दिवसांसाठी सोडलीस?"

"जल्मभर!"

"बरं, जन्माचं राहू दे. उद्या संध्याकाळी दिवेलागणीला कुठे असणार तू?"

 बाबलने छपराकडे बघितलं, शेवंतीकडे बघितलं. शेवटी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "उद्याचा काय सांगूक येना नाय, बाईनू."

हे असं असतं! जन्मभराचं वचन फाडकन देतील, उद्या संध्याकाळचं विचारलं की घाम. म्हणून आमची सगळी ठरवाठरवी त्या संध्याकाळचीच. बाबलशी ठरलं की दिवे लागायच्या वेळेला, बैठक जमते त्याच वेळेला, त्याने अंगणात जाळी दुरुस्त करत बसायचं, शेवंतीला चुलीपुढून दिसेल असं. दुसरं, घशाला कोरड पडली, जीव तळमळायला लागला की आधी पोटात काहीतरी घालायचं; पेज, भाकरी, सुकटीची चटणी, असेल ते. रिकाम्या पोटी तळमळ दुप्पट होते. तिसरं, बर्फाच्या कारखान्याची वाट सोडून, होड्या लागतात त्या तरीच्या बाजूने जायचं. बस. एवढंच. रोज फक्त त्या दिवसापुरतं.

काही दिवसांनी शेवंती तक्रार घेऊन आली. "बाईनू, ह्येंका काय तरी दुसरा सांगा. घरातली फाटकी जाळी सरली. शेजाऱ्यांची सरली. काल माझी मच्छरदाणी घेऊन बसले. अशी गाठ मारल्यानी हा, मच्छर खुशाल आत येतत, पण सुरमय सुटाची नाय. आणि खातत किती! पयले दारू पियत, आता माझा घर खातत."

मी म्हटलं, "खाऊ दे गो." आणि मनातून अशी खूष झाले! मच्छरदाणी विणण्यापर्यंत आलेला माणूस सहसा वाचतो, हा माझा अनुभव.

अशात राखण आली.

आमच्या बाजूला प्रत्येक गावाला राखणदार असतो. मूर्ती नाही, देऊळ नाही; वेशीवर झाडाखाली एक पाषाण. रात्री तो हातात काठी घेऊन गावाभोवती फिरतो, वाट चुकलेल्याला घरी सोडतो, समुद्रावर गेलेल्याकडे लक्ष ठेवतो, असं सगळे मानतात. बोटी पाण्यात उतरायच्या आधी त्याला राखण द्यायची असते: कोंबडा, नारळ, विडी आणि दारूची बाटली. हो, बाटली! पाषाणावर धार सोडायची आणि उरलेली प्रसाद म्हणून सगळ्यांच्या हातावर. व्यसनमुक्तीची पुस्तकं मी पुष्कळ वाचली, पण त्यांत राखणदारावर प्रकरण नाही. ती पुस्तकं जिथे लिहितात तिथले देव पीत नसावेत.

घरातला थोरला म्हणून बाबलला जाणं भाग होतं. म्हणून केंद्रात आम्ही चक्क तालीम घेतली. बाटली शेवंतीने आणायची, मासळीच्या पाटीत झाकून. बाबलच्या दोन्ही हातांत कोंबडा, म्हणजे दुसरं काही धरायला हात मोकळा नको. गाऱ्हाणं झालं की प्रसाद सुरू व्हायच्या आत त्याने घरची वाट धरायची. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून, गावाच्या साक्षीने, मोठ्या आवाजात मांडलेली अडचण; प्रत्येक वाक्याला गावाने "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. तालमीत कोंबडा म्हणून एक उशी घेतली. गाऱ्हाणं मी घातलं. उपचाराला आलेले बाकीचे गडी भोवती उभे राहून इतक्या जोरात "व्हय म्हाराजा" ओरडले की डॉक्टर इंजेक्शन हातात घेऊन धावत आले. तालीम झकास झाली. बाबल उशी छातीशी धरून दारातून बाहेर पडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

राखणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती एकटीच आली आणि माझ्या टेबलापुढे मटकन बसली. तिने जे सांगितलं ते असं.

गावात गाऱ्हाणं घालायचा मान आबा गावकरांचा. आबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले; आवाज असा की खाडीपलीकडचा माणूस आपोआप पुढे सरकेल. शेवंतीने मला न विचारता आदल्या दिवशी आबांची गाठ घेतली होती. बाईंचं हे रोजचं रोजचं तिला फार लेचंपेचं वाटत होतं. "आबानू, ह्येंका एकदाच घट्ट बांधून टाका," असं तिने सांगितलं. आबांना काय, घट्ट बांधायची हौसच.

"बा म्हाराजा!" आबांनी आवाज लावला. "ह्या तुझा लेकरू बाबल तुझ्या पायाकडे उभा आसा. ह्येका दारून धरल्यान हा, ती सोडव!"

"व्हय म्हाराजा!"

"जल्मात परत थेंब तोंडाक लावचो नाय, असो ह्येणा शब्द दिल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि लावल्यान, तर ह्येची बोट खाडीच्या तोंडार बुडांदे!"

"व्हय म्हाराजा!"

यातलं सगळ्यांत मोठं "व्हय" रमाकांतचं होतं, ज्याची त्या बोटीत अर्धी भागीदारी!

त्यानंतर कोंबडा देवाला दिला. आणि कोंबडा दिल्यावर बाबलचे दोन्ही हात मोकळे झाले. अहो, एवढी तालीम घेतली, पण हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही! उशी कुणी कापत नाही ना. ती शेवटपर्यंत त्याच्याच हातात होती. आबांनी पाषाणावर धार सोडली आणि वळून ओळीने एकेकाच्या तळहातावर प्रसाद ओतायला लागले. बाबलसमोर आले. लहानपणापासूनची सवय, देवाचा प्रसाद म्हटल्यावर हात पुढे झाला, तोंडाकडे गेला, आणि जिभेला चव लागल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. जन्मभराचा शब्द जेमतेम कोंबडा कापेपर्यंत टिकला होता.

"पांढरे फटक पडले, बाईनू," शेवंती सांगत होती. "कोणाशी बोलले नाय. सरळ बर्फाच्या कारखान्यामागे गेले. शब्द मोडलोच आसा तर थेंब काय आणि पिंप काय, असा म्हणाले." मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. "माझ्यामुळे झाला. मीच बांधून घेतलंय. माझ्याच हातान माझी बोट बुडवलंय."

मला इतका राग आला होता की काय सांगू! पण त्या बाईकडे बघून तो कुठल्या कुठे गेला. मी तिला पाणी दिलं आणि बाबलला आणायला माणूस पाठवला.

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. मग बाबल माझ्यापुढे बसला. या वेळी निष्पाप बिष्पाप काही नाही; डोळे नुसते पाण्याने भरलेले.

"बाईनू, दारूचा बगू काय ता. पण आता माका बोटीर जावचा नाय. मी सुको आसलंय तरी नाय. मी चढलंय की ती बुडतली. रमाकांत, खलाशी, सगळे माझ्यासोबत."

"काहीतरी बोलू नकोस," मी उसळले. "देव कुणाच्या बोटी बुडवत नाही. मागच्या वेळी वाळूवर तूच चढवलीस, देवाने नाही."

"तेव्हा वाळयेर चढली, बुडूक नाय," बाबल म्हणाला. "तेव्हा शब्द दिललो नाय."

 शेवंतीनेही माझ्याकडे डोळे वटारले. "बाईनू, आमका काय ता बोला. म्हाराजाक काय बोलू नकात."

मी रात्रभर विचार केला. हा माणूस दारूने नाही, त्या शब्दाने बुडत होता. जन्मभराचा शब्द असाच असतो: एक चूक झाली की सगळाच गेला. आणि शब्द गेला की माणूस त्याच्यामागून जातो. मी त्याला शंभर वेळा सांगितलं असतं की ते खोटं आहे, तर त्याने शंभर वेळा मान डोलावली असती आणि बोटीकडे पाठ केली असती. जो शब्द राखणदारासमोर दिला तो राखणदारासमोरच बदलायला हवा होता. तेव्हा मी साडीचा पदर खोचला आणि आबा गावकरांच्या घरी गेले.

आबा पडवीत झोपाळ्यावर बसले होते. माझं म्हणणं ऐकून झोपाळाच थांबवला. "शब्द बदलूचो? बाईनू, तो म्हाराजाच्या कानात गेलो. परत कसो घेवचो?"

"आबा, गाडीत तुमच्या हातून चुकीचं तिकीट फाडलं गेलं तर काय करायचात?"

"दुसरा फाडी," आबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की मी कुठे नेतेय. "पण तिकीट येगळा आणि गाऱ्हाणा येगळा!"

"असू दे वेगळं. त्याच्या हातावर दारू ओतली कुणी?"

आबांनी झोपाळा परत सुरू केला. "सगळ्यांच्या हातार ओततत. माका काय ठावक, तो चाटतलो म्हणान?"

"मग काय, तो त्या दारूने डोकं धुणार होता?"

आतून आबांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. आबा जरा नरमले. "बरा, तुमका व्हया काय?"

मी सांगितलं. शब्द जन्मभराचा नको, एका दिवसाचा. रोज संध्याकाळी बाबल स्वतः पाषाणापाशी येऊन तेवढ्या दिवसाचं मागणं मागेल. आणि मोडला तर बोट बुडवायची नाही. काहीतरी झेपेल असं घाला.

आबांना ते अजिबात पटेना. "एका दिसाचा? छ्या! म्हाराजाक असला बारीकसारीक सांगतत काय? तेका मोठा लागता."

"आबा, तुमचा राखणदार गावाची राखण एकदाच जन्मभराची करून मोकळा होतो, की रोज रात्री फिरतो?"

आबांनी मान खाजवली. "रोज फिरता."

"मग रोजचं त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

आबांनी झोपाळ्यावरून पाय खाली टेकले. मग म्हणाले, "कौल लावया. तो म्हणतलो ता खरा."

कौल म्हणजे देवाचा होकार-नकार. ओल्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिथे उभे: आबा, बाबल, शेवंती, रमाकांत, मी, आणि बाजाराला निघालेल्या मासळीवाल्या, पाट्या डोक्यावर ठेवून. आबांनी पाकळ्या लावल्या आणि विचारलं. पाकळ्या ढिम्म हलेनात. किती वेळ झाला तरी हलेनात. आबा घंटी मारून गाडी सोडल्यासारखे म्हणत होते, "चल रे म्हाराजा, चल, चल." बाबलने डोळे घट्ट मिटले होते. मी काही देवभोळी नाही. पण त्या वेळी मी मनातल्या मनात त्या उजव्या पाकळीला अशी ढकलत होते, अशी ढकलत होते की माझाच खांदा दुखायला लागला. एकदाची ती हलली, घसरली आणि पडली. तिच्यामागून लगेच डावीसुद्धा पडली. पण आधी उजवी! मी बघितलं ना! शेवंती तर किंचाळलीच.

मग आबांनी नवं गाऱ्हाणं घातलं. "जुनो शब्द घालणाऱ्याच्या चुकीन इलो, ती चूक पदरात घे म्हाराजा. आता बाबल रोजचो रोज मागतलो, तेका रोजचो रोज सांभाळ." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. आता शिक्षा. आबांची नजर मासळीवाल्यांकडे गेली, आणि त्यांचे डोळे चमकले.

"आणि ज्या दिसा लावल्यान, तेच्या दुसऱ्या दिसा ह्येणा बाजारात शेवंतीच्या जाग्यार बसान मासळी विकूची!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मासळीवाल्यांचा आवाज असा काही लागला की झाडावरचे कावळे उडाले. बाबल माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बाईनू, बोट बुडाचाच बरा होता." आमच्याकडे पुरुषाने मासळी मारायची आणि बायकांनी विकायची. त्या बाजारात, त्या जिभांच्या मध्ये, पाटी घेऊन बसायचं! पण बघा, ते वाईट असलं तरी होऊन संपणारं होतं. मला तेवढंच हवं होतं. आणि आबांनी बाबलच्या हातावर प्रसाद ठेवला तो खोबऱ्याचा.

नारळी पौर्णिमेला मी मुद्दाम गेले. आरोंद्याचा तांडेल पिशवी काखेत मारून किनाऱ्यावर येऊन बसलाच होता. रमाकांतने त्याला सांगून ठेवलं होतं. बाबल पाषाणापाशी गेला, दोन शब्द पुटपुटला, आणि बोटीकडे आला. दोघे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. रमाकांतने भावाच्या तोंडाचा वास घेतला, अगदी सगळ्यांसमोर, नाक पुढे करून. मग बाजूला झाला.

बोट खाडीच्या तोंडाकडे निघाली तेव्हा किनाऱ्यावर चिडीचूप. शेवंतीने माझा हात धरला होता, तो सोडल्यावर माझ्या बांगडीची खूण मनगटावर उमटलेली होती. बोट वाळूच्या पट्ट्याला वळसा घालून सरळ बाहेर पडली. आरोंद्याचा तांडेल उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "परतीची गाडी कितीक आसा?" शेवंतीने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण माझ्या नोकरीत काही तिथे थांबत नसे.

दिवाळी होऊन गेली. बाबलच्या मामेभावाचं लग्न मसुऱ्याला होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीचा फोन आला, दोनच शब्द: "काल पडले." पाठीमागे बाजाराचा इतका गलका होता की पुढचं काही ऐकू आलं नाही.

 या कामात माणसं मला अशाच सकाळी सोडून गेली आहेत. महिनोन्‌महिने सुकी राहिलेली माणसं एकदा पडायची, आणि मग लाजेने केंद्राची वाट चुकवायची, मला रस्त्यात बघून गल्लीत वळायची. दारूने नेली त्याहून जास्त त्या लाजेने नेली. त्यातले काही आज नाहीत. त्यांचे चेहरे आठवले की अजून जेवण गोड लागत नाही.

मी तशीच उठून बाजारात गेले. आत शिरतानाच हसण्याचा कल्लोळ ऐकू आला. आणि बघते तर शेवंतीच्या जागेवर बाबल! मांडी घालून, समोर बांगड्यांचे वाटे मांडून, डोक्यावर टॉवेल ओढून बसलेला. भोवती बायकांचं मोहोळ.

"ओ तांडेलानू, नथ खंय ठेवलास?"

"अगो, वाटो बघ ह्येंचो! ह्या वाट्यार मांजर तरी जेवात काय?"

"बोलवा गिऱ्हाईक, बोलवा! तोंडात काय कोकम धरलास?"

बाबल घामाने निथळत होता, पण उठत नव्हता. शेवंती मागे फळीवर बसून खुशाल पान खात होती. मी पुढे जाऊन उभी राहिले. त्याने माझे पाय बघून ओळखलं. मान वर केली नाही.

"बाईनू, काल घेतलंय."

"कळलं मला."

तो दोन बांगडे इकडचे तिकडे करत राहिला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पण बोट बुडूक नाय," तो म्हणाला. "सकाळी जावन बगून इलंय. उभी आसा."

 मी विचारलं, "मग आता जन्मभराचं काय, बाबल?"

"जल्मभराचा माका काय विचारू नकात. आज हे वाटे खपवतंय. सांजचा म्हाराजाकडे जावन आजच्यापुरता सांगतंय. मगे जाळा आसा विणूचा."

मी म्हटलं, "दे एक वाटा." त्याने बांगडे माझ्या पिशवीत घातले, वर आणखी दोन घातले, आणि सगळ्या बायका एकदम ओरडल्या की असल्या विक्रीने शेवंती भिकेला लागेल. मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. इतक्या वर्षांत मी कधी कुठल्या माणसासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. त्या दिवशी भर मासळी बाजारात घळाघळा वाहायला लागलं.

शेवंतीने पान थुंकलं, माझ्याकडे बघितलं आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून बांगड्याचा एक कल्ला उघडून मला लालभडक दाखवला.

"बाईनू, रडतास कित्याक? ताजे आसत."